करिअरच्या ध्येयाला जुळणारे मेजर, मायनर आणि ऐच्छिक विषय कसे निवडावेत

महाराष्ट्रातील विद्यापीठांनी राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीची रचना बदलल्यापासून बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी.ला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याचे केवळ शाखा निवडून भागत नाही. मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (मुक्त ऐच्छिक विषय) आणि कौशल्यविषय असे अनेक निर्णय त्याला थोड्याच दिवसांत घ्यावे लागतात आणि बहुतेक घरांत ते उलट्या क्रमाने घेतले जातात. आधी घराजवळचे महाविद्यालय ठरते, मग तिथे जागा असलेला विषय घेतला जातो, मित्राने घेतला म्हणून मायनर ठरतो आणि या पदवीवर नेमके काय करता येते याची चौकशी तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, एखाद्या जाहिरातीतील पात्रतेची अट वाचताना होते. तोपर्यंत दुरुस्तीला एक-दोन वर्षे द्यावी लागण्याची वेळ आलेली असते. म्हणून येथे क्रम सुलट करून दिला आहे: आधी शेवटचे पद, नंतर त्याची पात्रता, त्यानंतर विषय आणि सर्वांत शेवटी महाविद्यालय.

हे मार्गदर्शन प्रामुख्याने कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या पदवीसाठी आहे. अभियांत्रिकी, वैद्यक, औषधनिर्माणशास्त्र यांसारख्या अभ्यासक्रमांत बहुतेक विषय ठरलेलेच असतात. तेथे खरा निर्णय अकरावीलाच होतो.

## तयारी: बसण्यापूर्वी हाताशी काय असावे

एक वही, बारावीची गुणपत्रिका, ज्या विद्यापीठात शिकायचे आहे त्याची चालू वर्षाची श्रेयांक रचना (कोणत्या विषयाला किती श्रेयांक, म्हणजे क्रेडिट्स, याचा तक्ता) आणि विचाराधीन महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिका एवढे साहित्य पुरेसे आहे. श्रेयांक रचना विद्यापीठाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी. महाविद्यालयाच्या पुस्तिकेत त्या महाविद्यालयात मिळणारे पर्याय असतात, तर विद्यापीठाच्या रचनेत नियमाने शक्य असलेले पर्याय असतात. या दोहोंतला फरक पुढे सातव्या टप्प्यात फार उपयोगी पडतो.

सावधान: मागच्या वर्षीच्या मोठ्या भावाची किंवा बहिणीची पुस्तिका वापरू नका. नवी रचना लागू झाल्यापासून विषयांचे गट आणि श्रेयांक यांत बदल होत आले आहेत.

## टप्पा १: ध्येय क्षेत्राच्या नव्हे, पदाच्या नावाने लिहा

‘विज्ञानात काहीतरी’, ‘बँकिंग’, ‘स्पर्धा परीक्षा’ ही ध्येये नाहीत, कारण त्यांना पात्रतेची अट नसते. ‘माध्यमिक शाळेत गणित शिक्षक’, ‘सनदी लेखापाल’, ‘भूवैज्ञानिक’, ‘वरिष्ठ महाविद्यालयात मराठीचा सहायक प्राध्यापक’ अशी पदे लिहा. एक मुख्य आणि दोन पर्यायी, अशी तीन पदे पुरेत. सतराव्या-अठराव्या वर्षी आयुष्याचे ध्येय ठाम असावे अशी अपेक्षा ठेवणे मला योग्य वाटत नाही. पण तीन पदे कागदावर असली की कोणता विषय त्यांपैकी किती पदांना चालतो हे मोजता येते आणि पुढची सर्व निवड त्या मोजणीवर उभी राहते.

## टप्पा २: प्रत्येक पदाची पात्रतेची अट शब्दशः उतरवा

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा. पात्रता ऐकीव माहितीवरून लिहू नका. मूळ अधिसूचना किंवा संबंधित परिषदेचे नियम उघडून त्यातील वाक्य जसेच्या तसे वहीत उतरवा. अट वाचताना चार गोष्टी वेगळ्या करा: पदवीची पातळी, विषय, किमान गुण आणि त्यानंतर लागणारी पात्रता परीक्षा किंवा नोंदणी.

अटींचे स्वरूप किती वेगवेगळे असते ते पुढील उदाहरणांवरून लक्षात येईल.

राज्यसेवेच्या बहुतेक पदांना आणि केंद्रीय नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. मात्र त्याच पूर्वपरीक्षेतून पुढे जाणाऱ्या भारतीय वन सेवेला ती चालत नाही. तेथे पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र आणि प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय असलेली पदवी किंवा कृषी, वनशास्त्र अथवा अभियांत्रिकीची पदवी लागते. वनांची आवड असलेला विद्यार्थी मेजर भूगोल आणि मायनर इतिहास घेऊन पदवीधर झाला, तर त्याच्या आवडीला या सेवेत जागा नाही.

भारतीय सांख्यिकी सेवेसाठी संख्याशास्त्र हा एक विषय असलेली पदवी पुरते. भारतीय आर्थिक सेवेसाठी मात्र अर्थशास्त्रात पदव्युत्तर पदवी लागते. नावे जवळची आहेत, परंतु एकीकडे पोहोचायला तीन वर्षे लागतात आणि दुसरीकडे पाच.

सनदी लेखापाल होण्यासाठी बारावीनंतर फाउंडेशन परीक्षेने सुरुवात करता येते. पदवीनंतर थेट प्रवेशाने इंटरमिजिएट या पुढच्या परीक्षेला यायचे असल्यास वाणिज्य पदवीधराला किमान ५५ टक्के आणि इतर पदवीधराला ६० टक्के गुण लागतात. येथे विषयापेक्षा गुणांची अट निर्णायक ठरते.

शिक्षक व्हायचे असल्यास कोणत्या इयत्तेचा शिक्षक, हा पहिला प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता राहिलेली नाही, तेथे डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षणातील पदविका) लागते. वरच्या वर्गांसाठी बी.एड.ला सामान्यतः पदवीला किमान ५० टक्के हवेत आणि तेथे मिळणारी अध्यापन पद्धती (कोणता विषय शिकवायचा त्याचे प्रशिक्षण) पदवीच्या विषयांवर अवलंबून असते. वरिष्ठ महाविद्यालयातील सहायक प्राध्यापकाला संबंधित विषयात ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी आणि त्यावर नेट किंवा सेट (राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा) लागते. या अटीत ‘संबंधित विषय’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत.

एम.सी.ए.कडे (संगणक उपयोजनातील पदव्युत्तर पदवीकडे) वळणाऱ्या कला, वाणिज्य किंवा विज्ञान पदवीधराने बारावीला अथवा पदवीला गणित घेतलेले असावे, अशी अट सामान्यतः असते. अकरावीला गणित सोडलेल्या कित्येक विद्यार्थ्यांना ही अट पदवीनंतर कळते. त्यांना मायनर निवडताना ती भरून काढता येते, म्हणून ती आत्ताच ठाऊक हवी.

राखीव प्रवर्गांना किमान गुणांत सवलत असल्यास तीही अटीशेजारी लिहा.

सावधान: मानसशास्त्राचे शिक्षण घेतले म्हणजे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करता येते, असे नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि परिषदेची नोंदणी लागते. शिवाय २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न व पोषणशास्त्र यांसारख्या विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश विद्यापीठ अनुदान आयोगाने थांबवले आहेत. कोणी असा प्रवेश देऊ करत असेल तर तो घेऊ नका.

तपासा: तिन्ही पदांपुढे अट, तिचा मूळ स्रोत आणि तारीख लिहिली आहे का? एकाही पदापुढे ‘बहुधा चालेल’ असे लिहिले असेल, तर हा टप्पा पूर्ण झालेला नाही.

## टप्पा ३: पदापासून मागे येत साखळी लिहा

आता प्रत्येक पदापासून आजपर्यंत मागे या आणि प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारा: येथे येण्यासाठी त्याआधी काय लागते?

भूवैज्ञानिकाचे उदाहरण घेऊ. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील भूवैज्ञानिकाचे पद केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या एकत्रित भूवैज्ञानिक परीक्षेतून भरले जाते आणि त्यासाठी भूशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते. केंद्रीय भूजल मंडळातील जलभूवैज्ञानिकही याच परीक्षेतून निवडले जातात. एम.एस्सी. भूशास्त्राला प्रवेश घ्यायचा तर पदवीला भूशास्त्र असावे, ही सरळ वाट. बी.एस्सी.ला भूशास्त्र घ्यायचे तर बारावी विज्ञान हवी आणि भूशास्त्राचा विभाग चालू असलेले महाविद्यालयही हवे. अशी महाविद्यालये मोजकी आहेत. पुण्याचे फर्ग्युसन आणि मुंबईचे सेंट झेवियर्स ही त्यांपैकी दोन. म्हणजे घराजवळचे महाविद्यालय आधी ठरवणाऱ्याच्या हातून हे ध्येय पहिल्याच दिवशी सुटते आणि ते सुटले हे त्याला कळतही नाही.

साखळी लिहिताना एक आडवाटही दिसते. त्याच परीक्षेतील भूभौतिकशास्त्रज्ञाच्या पदाला भौतिकशास्त्रातील एम.एस्सी. चालते. त्यामुळे भौतिकशास्त्र मेजर आणि भूशास्त्र मायनर घेणाऱ्या विद्यार्थ्याला याच क्षेत्रात दुसऱ्या बाजूने येता येते आणि भौतिकशास्त्राच्या इतर वाटाही त्याच्यासाठी खुल्या राहतात. अशा आडवाटा शोधण्यात घालवलेला वेळ मला या संपूर्ण प्रक्रियेतला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण पुढे मायनरची निवड त्यांच्यावरूनच ठरते.

## टप्पा ४: मेजर निश्चित करा

तिन्ही साखळ्या शेजारी ठेवा. मुख्य पदासाठी अनिवार्य असलेला विषय हाच मेजर. मुख्य पदाला कोणतीही पदवी चालत असेल, तर पर्यायी पदांना लागणारा विषय मेजर करा; राज्यसेवेची तयारी करणाऱ्यांसाठी हा नियम विशेष महत्त्वाचा आहे. परीक्षेला सोपा जाईल म्हणून विषय निवडला आणि परीक्षेत यश आले नाही, तर हातात उरणारी पदवी एकटीच्या बळावर काम देणारी असायला हवी. निकाल हाती नसलेल्या परीक्षेवर मेजर अवलंबून ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे.

आवड आणि कुवत यांची तपासणीही याच टप्प्यावर करायची. ज्या विषयाचा मेजर घेणार त्याच्या तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उघडून वाचा. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम बारावीसारखाच वाटतो आणि फसवतो. संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षात गणिताचा भार किती आहे, मानसशास्त्रात संख्याशास्त्रीय पद्धती किती आहेत, अर्थशास्त्रात अर्थमिती (आर्थिक माहितीचे संख्याशास्त्रीय विश्लेषण) आहे का, हे पाहिल्यावर अनेकांचा निर्णय बदलतो आणि तो प्रवेशापूर्वी बदललेला बरा.

काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय समान पातळीवर शिकवून दुसऱ्या वर्षी त्यांतून मेजर आणि मायनर ठरवले जातात. तेथेही निर्णय पुढे ढकलला गेला असे समजू नये, कारण पहिल्या वर्षी न घेतलेला विषय दुसऱ्या वर्षी सहसा मेजर होऊ शकत नाही.

सावधान: पदवीचे नवे, आकर्षक नाव पाहून भुलू नका. जाहिरातीत ‘संख्याशास्त्र विषयासह पदवी’ असे लिहिले असेल, तर विदाविज्ञानाच्या (डेटा सायन्सच्या) नावाने मिळालेली पदवी त्यात बसते का हे भरती करणारी संस्था ठरवते, महाविद्यालय नव्हे. शंका असल्यास मूळ विषयाच्या नावाचा मेजर घ्या आणि नवे कौशल्य मायनरमधून किंवा कौशल्यविषयातून मिळवा.

## टप्पा ५: मायनर निवडताना दुसरा मार्ग राखा

मायनरचे श्रेयांक मेजरच्या निम्म्याहूनही कमी असतात, म्हणून तो वेळापत्रकात सोयीचा पाहून घेतला जातो. ही चूक महाग पडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यानुसार पदवीला घेतलेल्या मेजरच्याच नव्हे, तर मायनरच्या विषयातही पदव्युत्तर प्रवेशासाठी विद्यार्थी पात्र धरला जातो. एका पदवीत दोन पदव्युत्तर वाटा राखण्याची ही संधी आहे. तुम्ही ज्या विद्यापीठात पुढे जाणार आहात तेथील प्रवेश नियमात ही तरतूद कशी उतरली आहे तेवढे पाहून घ्या.

महाराष्ट्रातील रचनेत मायनर त्याच विद्याशाखेतील दुसरा विषय असू शकतो किंवा वेगळ्या विद्याशाखेतलाही. निवडीचा क्रम असा ठेवा: प्रथम, मुख्य पदाच्या अटीत राहिलेली उणीव भरून काढणारा विषय, जसे एम.सी.ए.साठी गणित; उणीव नसेल तर दुसऱ्या पदाच्या साखळीतील अनिवार्य विषय; तोही मेजरमध्येच आला असेल तर मेजरच्या कामाला बळ देणारा विषय. शाळेत भाषा शिकवण्याचे ध्येय असलेल्याने मेजर इंग्रजी आणि मायनर मराठी घेतला तर बी.एड.ला दोन्ही अध्यापन पद्धतींचा विचार करता येतो. अर्थशास्त्राच्या मेजरला संख्याशास्त्र किंवा गणिताचा मायनर जोडल्यास पदव्युत्तर अर्थशास्त्र पुष्कळ सुसह्य होते.

तपासा: प्रवेशासाठी मायनर पुरेसा ठरला तरी नोकरीच्या अटीत ‘एक विषय म्हणून’ असे आहे की ‘मुख्य विषय म्हणून’, हे दुसऱ्या टप्प्यात उतरवलेल्या वाक्यात पुन्हा वाचा. पदव्युत्तर प्रवेश आणि नोकरभरती यांचे नियम वेगळे असतात.

## टप्पा ६: ओपन इलेक्टिव्ह, कौशल्यविषय आणि कार्यप्रशिक्षण

ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने लेखांकनाची किंवा कायद्याची तोंडओळख, कलाशाखेच्या विद्यार्थ्याने विदा हाताळणी, वाणिज्याच्या विद्यार्थ्याने लेखन-संवाद असे विषय घेतल्यास ते कामाच्या ठिकाणी उपयोगी पडतात. त्यावर पात्रता अवलंबून नसते, त्यामुळे येथे आवडीला मोकळीक द्यायला हरकत नाही.

कौशल्यविषय मात्र मेजरशी जोडून घ्यावेत. प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आणि क्षेत्रप्रकल्प यांचे श्रेयांक असतात म्हणून ते कुठेतरी कागदावर उरकण्याची पद्धत दिसते. तसे करू नका. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने सहकारी बँकेत, इतिहासाच्या विद्यार्थ्याने अभिलेखागारात संधी आहे का हे सत्र सुरू होण्याच्या कितीतरी आधी लेखी विचारावे. महाविद्यालय अशी व्यवस्था करून देईल या भरवशावर राहिल्यास जे उरले असेल ते पदरी येते.

## टप्पा ७: आता महाविद्यालय पाहा, आणि विभागात जाऊन विचारा

मेजर आणि मायनर ठरले की ते दोन्ही एकत्र मिळतील अशा महाविद्यालयांची यादी होते. नियमाने शक्य असलेली प्रत्येक जोडी प्रत्येक महाविद्यालयात मिळत नाही, कारण वेळापत्रक, शिक्षकांची पदे आणि किमान विद्यार्थिसंख्या यांवर ते ठरते. कार्यालयाच्या खिडकीवर मिळणारे उत्तर बहुतेकदा शाखेपुरते असते. विभागप्रमुखांना भेटा आणि पुढील गोष्टी विचारा:

- हा मेजर तिसऱ्या वर्षापर्यंत येथे चालतो का, की पुरेसे विद्यार्थी नसल्यास दुसऱ्या वर्षी दुसरा विषय घ्यावा लागतो?
- हवा असलेला मायनर याच मेजरबरोबर गेल्या वर्षी प्रत्यक्ष शिकवला गेला का?
- विभागात पूर्णवेळ शिक्षक किती आहेत आणि प्रयोगशाळा नियमित चालते का?
- विषयाच्या जागा गुणवत्तेने भरतात की प्रथम येणाऱ्याला?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर टाळले गेले, तर महाविद्यालय कितीही नामवंत असो, यादीत खाली ठेवा.

तपासा: व्यावसायिक स्वरूपाच्या अभ्यासक्रमाला संबंधित परिषदेची चालू वर्षाची मान्यता आहे का? बी.सी.ए., बी.बी.ए. आणि बी.एम.एस. हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले असून मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची परीक्षा द्यावी लागते. तिचा अर्ज सहसा बारावीच्या निकालाआधीच भरायचा असतो. निकालाची वाट पाहणाऱ्याची संधी जाऊ शकते.

## टप्पा ८: अर्ज आणि नोंदी

अर्जात विषयांचा पसंतीक्रम लिहिताना वहीतील क्रमच उतरवा. रांगेत उभे असताना मिळालेल्या सल्ल्याने तो बदलू नका. प्रवेश निश्चित झाल्यावर विद्यापीठाच्या प्रणालीत आपला मेजर आणि मायनर नेमका काय नोंदला गेला आहे ते पाहा आणि त्या पानाची प्रत जपून ठेवा. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे (मिळवलेल्या श्रेयांकांच्या डिजिटल नोंदीचे) खाते डिजिलॉकरवरून उघडा. तेथील नाव, आधारवरील नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरील नाव एकच असू द्या, अन्यथा श्रेयांक जमा होताना अडचण येते.

शिष्यवृत्तीवर शिक्षण अवलंबून असेल, तर ती त्या अभ्यासक्रमाला आणि त्या प्रवेश प्रकाराला लागू आहे का हे शुल्क भरण्यापूर्वी पाहा. संस्थास्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशाला शासनाच्या शुल्क सवलती सहसा मिळत नाहीत.

## टप्पा ९: प्रत्येक वर्षाच्या शेवटी फेरतपासणी

दरवर्षी मे महिन्यात वही उघडा आणि तिन्ही पदांच्या अटी नव्या जाहिरातीशी ताडून पाहा. बदल करायचा असेल तर पहिल्या वर्षाअखेरीस तो सर्वांत कमी किमतीत होतो. पदवी मध्येच थांबवावी लागली तरी केलेले शिक्षण वाया जात नाही: एक वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते, मात्र त्यासाठी ४ श्रेयांकांचा जादा कौशल्य अभ्यासक्रम किंवा आंतरवासिता (इंटर्नशिप) पूर्ण करावी लागते. हा मार्ग अडचणीसाठी आहे. नोकरीच्या अटीत ‘पदवी’ असेल तेथे पदविका चालणार नाही.

तिसऱ्या वर्षी मोठा प्रश्न येतो: येथे थांबायचे की चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी घ्यायची. पदवीच पुरेशी असलेल्या पदासाठी तीन वर्षांनी बाहेर पडणे योग्य. पदव्युत्तर पदवी अनिवार्य असेल, तर तीन अधिक दोन आणि चार अधिक एक (पदवीची वर्षे अधिक पदव्युत्तर वर्षे) या दोन्ही वाटांनी पाचच वर्षे लागतात. चार वर्षांची ऑनर्स पदवी ही पदव्युत्तर पदवी नाही, हे मात्र पक्के लक्षात ठेवा. संशोधनाकडे जायचे असल्यास चौथ्या वर्षाला वेगळे महत्त्व आहे: चार वर्षांच्या पदवीत किमान ७५ टक्के किंवा तितकी श्रेणी मिळवणारा विद्यार्थी पदव्युत्तर पदवीशिवाय पीएच.डी.च्या प्रवेश प्रक्रियेला पात्र ठरतो आणि संशोधनासह ऑनर्स घेण्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. ही सरासरी पहिल्या सत्रापासून मोजली जाते, त्यामुळे पहिल्या वर्षाचे गुण सोडून देता येत नाहीत.

चार अधिक एक ही वाट निवडण्यापूर्वी हव्या त्या विषयाचा एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम हव्या त्या विद्यापीठात प्रत्यक्ष सुरू आहे का आणि त्याला बाहेरच्या महाविद्यालयातून येणाऱ्यांसाठी जागा आहेत का, हे त्या विभागाला ई-मेलने विचारा आणि सहावे सत्र संपण्यापूर्वी लेखी उत्तर मिळवा.